तहानेचा उद्गार

ओल्या लाकडी झाकणाचा रांजणाच्या काठावर होणारा तो बोदा, गार आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यामागून पितळी पेल्यातले दोन घोट, मग एक दीर्घ, तृप्त ‘हां’, आणि मग बापू व्यासपीठाकडे चालू लागत. उरणच्या मिठागरांच्या कडेला, चैत्रातला प्रकाश जणू मिठाच्या राशींतूनच उगवतो अशा जागी, आमचे कौलारू प्रार्थनामंदिर उभे आहे, आणि त्याच्या दारातला तो रांजण म्हणजे आमच्या पाळकांच्या, बापूंच्या, उपदेशाची नांदीच होती. त्यात पाणी भरायचे तेच. प्यायला कुणालाही मज्जाव नव्हता: डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली बाई, ताडावरून उतरलेला भंडारी, वाटसरू फकीर, सगळ्यांना तोच पेला. त्या रांजणाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती उपदेशाबद्दल, आणि ती मी लपवून ठेवली नाही.

माझ्या बालपणीचे बापू आठवतात ते उभ्या डोलकाठीसारखे: ताठ, कृश, अंगात पांढरा लांब कोट, आणि आवाजात वाऱ्याने ताणलेल्या शिडाचा नाद. ते पापाला पाप म्हणत. प्रभू वधस्तंभावर का मेला हे ते असे सांगत की मिठाने भेगाळलेल्या पायांची माणसे चटईवर बसल्या जागी रडत, आणि रडून हलकी होऊन घरी जात. माझ्या वडिलांचा बाप्तिस्मा त्या काळातला. पुढे बापूंचे केस पिकले, आवाज मवाळ झाला, आणि उपदेशात विहिरी आल्या, सावल्या आल्या, नारळीच्या झावळ्यांतून गाळून आलेले ऊन आले, शेजारधर्म आला. सगळे सुंदर. पण पाप कुठे? प्रायश्चित्त कुठे? ओहोटी लागते तेव्हा कुणाला दिसत नाही. होड्या चिखलात बसल्या की कळते.

मी मुंबईला मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच दारूबंदीची पत्रके लिहायला आणि चाळीचाळीतून वाटायला शिकले. आगबोटीने परत आले ती हे चिखलात बसलेले तारू पाहायला! मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. ‘आपला वधस्तंभ कुठे गेला?’ असे पत्रक लिहिले, छापून आणले, आणि एका रविवारी मंदिराच्या दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात दिले. बापूंच्याही. त्यांनी रांजणाला टेकून, चष्मा नाकावर सरकवून ते शेवटपर्यंत वाचले.

“मार्थे, भाषा झकास आहे गं,” ते म्हणाले. “पण प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह? माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवावी.”

“बापू, विषय टाळू नका.”

“अगं, ही माणसं आठवडाभर उन्हात जळतात. रविवारी पुन्हा नरकाची आच कशाला?”

“औषध कडू म्हणून नुसती साखर वाटायची का?”

ते हसले. त्यांच्या हसण्याला गालांवरच्या सुरकुत्या अशा जागा करून देत, जशी भरती येताना खाडीतली चिंचोळी पात्रे पाण्याला देतात.

पत्रकाने मंडळीत खळबळ उडवलीच. पंच बसले. त्यांतले वडीलधारे थोमादादा, मिठागरावरचे मुकादम, खाकरून म्हणाले, “बापू आमाला बापाच्या जागी हाय. पन पोरगी बोलते ती काय खोटी न्हाय.” ठरले असे की उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी तरी, बापूंनी ते मरण कशासाठी होते हे रोखठोक सांगावे, नाहीतर पुनरुत्थानाच्या रविवारपासून व्यासपीठ मुंबईहून येणाऱ्या उपदेशकाचे. व्यासपीठाबरोबर मंदिरामागची बापूंची खोलीही जाणार होती. मला शिक्षण शुद्ध हवे होते. बापू गेलेले नको होते. दोन्ही एकदम मागणे हा अन्याय आहे असे मला तेव्हाही वाटले नाही, आताही वाटत नाही.

आमच्याकडे त्या शुक्रवारी प्रभूने वधस्तंभावर काढलेले सात उद्गार सात जण वाटून घेतात आणि दुपारभर एकामागून एक त्यांवर बोलतात. ‘मला तहान लागली आहे’ हा तहानेचा उद्गार दरवर्षी बापूंचा. आणि आमच्या गावची एक रीत आहे, मी ती दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही: त्या दिवशी सकाळीच रांजण रिता करून दारात पालथा घालतात, आणि बारापासून तिनापर्यंत कुणी पाण्याचा थेंब घेत नाही, मिठाच्या उन्हातून आलेलेसुद्धा नाही.

त्या दुपारी बापू उठले. झाकणाचा आवाज नाही, घोट नाही, ‘हां’ नाही. त्यांचा स्वर कोरड्या झावळीसारखा खरखरला. त्यांनी विहिरीपासूनच सुरुवात केली. मग सावली. मग शेजारी. थोमादादांनी मान खाली घातली. आणि मग बोलता बोलता बापूंची नजर दाराकडे गेली, त्या उलट्या मातीच्या पोटावर ऊन लखलखत होते तिथे, आणि ते थांबले.

“इतकी वर्षं मी तुम्हाला पाणी दाखवलं,” ते म्हणाले. “ते कुणाच्या तहानेनं मिळालं, हे सांगायचं सोडून दिलं. ज्यानं समुद्र केला, तो तहानला. माझ्या पापापायी. तुमच्याही.”

मग त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिले. “मार्थे, पुरे, की अजून पाहिजे?”

मी उभी राहिले. “अजून पाहिजे, बापू.”

“बायकांनी मंडळीत गप ऱ्हावं, असं शास्त्रात लिवलंय!” थोमादादा कडाडले.

“लिहिलंय खरं, थोमा,” बापू म्हणाले, “पण विचारलं मी आहे.”

उत्तम शुक्रवारी आमच्या मंदिरात लोक हसले ते तेवढेच. आणि मग त्या कोरड्या कंठातून जुने शीड पुन्हा ताणले गेले: पाप आले, न्याय आला, आमच्या जागी दुसऱ्याने भोगलेला दंड आला, आणि या साऱ्यांतून, कडू मुळातून गोड पाणी वर चढावे तशी, क्षमा आली. उंबऱ्यावरचे ऊन आत सरकत राहिले. कुणी उठले नाही.

तीन वाजता रांजण सुलटा झाला, भरला, आणि पहिला पेला थोमादादांनी स्वतः बापूंच्या हातात दिला. “मुंबयच्या मानसाला कलवा,” ते कुणाला तरी म्हणाले, “आगबोटीत बसू नको म्हनावं.” दोन घोट. ‘हां.’

त्यानंतर बापू होते तोवर उपदेशात विहिरी राहिल्या, सावल्याही राहिल्या. पण त्यांच्या शेवटी वधस्तंभ येई, कधी उशिराने, भरतीची वाट पाहत रेवसच्या धक्क्याबाहेर थांबलेल्या आगबोटीसारखा, पण येई. मी पत्रके लिहीतच आहे. उद्गारचिन्हे कमी केलेली नाहीत.

बापू आता मंदिरामागच्या वाळूत, उंडीच्या झाडाखाली आहेत. यंदाच्या उत्तम शुक्रवारी रांजण मी पालथा घातला, आणि सात उद्गार चालू असताना उन्हाने तापलेला तो जरा कलता करून, सहज, आत हात घालून पाहिला. आत अजून गार होते. गेलेल्या माणसाची जागा अशीच असते: काळ तिच्यातले पाणी ओतून देतो, जगाला ती रिती, उपडी दिसते, आणि तिच्या अंधाऱ्या पोटात गारवा मात्र कितीतरी वेळ तसाच राहतो.