अण्णा नगरातलं उपोषण

काशिनाथ सकाळपासून सतरंज्या अंथरत होता. अंथरलेल्या उचलून पुन्हा अंथरत होता. चेन्नईच्या अण्णा नगरात महाराष्ट्र मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलच्या ओट्यावर 'करंजवाडीच्या शेतकऱ्यांना पाठिंबा' असा फलक लागला होता, पण त्या फलकाखाली त्याने पाऊल टाकलं नव्हतं. नोकरी शहराजवळच्या आवडी गावी, संरक्षण खात्याच्या कारखान्यात. सरकारी माणसाने आंदोलनात बसायचं नाही, हा नियम त्याला पाढ्यासारखा पाठ. सतरंज्या घालू नयेत, असं मात्र नियमात कुठे म्हटलं नव्हतं.

करंजवाडी त्याचंच गाव, रायगडात खाडीकाठचं. सेझसाठी जमिनीच्या नोटिसा आल्या आणि गावाने साखळी उपोषण धरलं. रोज नवी माणसं मंडपात बसायची तेव्हाच आदली उठायची. चोरून चहाचा घोटही कुणी घेतला नव्हता. थोरला भाऊ रविकांत त्यात सगळ्यांत पुढे. साखळी तुटायचीच साहेबलोक वाट बघताहेत, असं तो फोनवर सांगायचा. म्हणून चेन्नईकरांनीही एक दिवस उपाशी बसायचं ठरवलं.

उत्साह दांडगा होता. वेलचेरीहून सिद्धार्थ आणि त्याची आयटीवाली मंडळी गांधी टोप्या घालून हजर झाली. दुपारी मंडळाच्या नीलमताई भलंमोठं पातेलं घेऊन आल्या. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर काकडीची कोशिंबीर. आता उपाशी बसायचं म्हटल्यावर साबुदाणा नको, असं कुठल्या मराठी माणसाला सुचणार? सगळे फलकाखाली बसून मन लावून जेवले. काशिनाथला हे काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण ज्याची स्वतः बसायची छाती नाही त्याने बसणाऱ्यांना काय शिकवायचं? भीतीने त्याच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता. समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस उगाच रेंगाळत होता, आणि तो आपल्याच खात्याने पाठवलेला असणार अशी त्याची खात्री होत चालली होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. रविकांतची बायको, अलकनंदावहिनी. पोलीस येऊन मंडपातल्या सगळ्यांना उचलून घेऊन गेले होते, रविकांतलाही. दवाखान्यात नेऊन जबरदस्तीने सलाइन लावलं, म्हणजे उपोषण मोडलंच. बायका ठाण्यासमोर जमल्या होत्या, पण आज उपोषणाला बसायची पाळी त्यांची नव्हती, सगळ्या घरून खाऊन आलेल्या. साखळी तुटली म्हणत निम्म्या परत निघाल्या होत्या.

"भावजी, तुमच्याकडची चालू हाय ना?" वहिनींचा आवाज फाटला होता. "तेवढं सांगा. मी बायांना थांबवते."

काशिनाथने फोनवर हात धरून सगळ्यांना हे सांगितलं. प्रत्येक जण आपापल्या ताटलीकडे बघू लागला. नीलमताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला कुणी आधी सांगितलं का नाही, असं त्या पुटपुटल्या.

सिद्धार्थ हळूच म्हणाला, "चालू आहे म्हणा ना, काका. त्यांना काय दिसतंय?"

खोटं बोलायची गरजच नव्हती, हीच तर पंचाईत होती. सबंध हॉलमध्ये एक माणूस उपाशी होता. त्याच्या डोळ्यांपुढे कारखान्याची क्वार्टर आली, लेकीची, अवनीची शाळा आली, साहेबांच्या टेबलावरचं चौकशीचं पत्र आलं. टपरीवरचा माणूस अजून तिथेच होता. पलीकडून वहिनी पुन्हा पुन्हा हाक मारत होत्या.

काशिनाथने चपला काढल्या आणि फलकाखाली जाऊन मांडी घातली.

"चालू आहे, वहिनी. मी बसलोय."

"तुमी? आन नोकरी?"

"नाव सांगा माझं. पूर्ण नाव सांगा त्यांना."

फोन सुरूच होता. वहिनी त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव ओरडून सांगत होत्या. मग थोडा वेळ नुसता गलका ऐकू आला, आणि त्यातून एका बाईचा आवाज, बसा गं बायांनो, बसा खाली.

उद्या सकाळपर्यंत बसायचं होतं. आणि दिवसभरात पहिल्यांदाच काशिनाथला कडकडून भूक लागली.