बाण सापडेपर्यंत

शाळा सुटल्यावरचा तिरंदाजीचा वर्ग वाचवायला बाईंनी समितीपुढे जिवाचं रान केलं. पोरांचं लक्ष एका जागी ठरायला लागलंय, वाकलेल्या पाठी ताठ झाल्यात, भांडकुदळ पोरंसुद्धा आपली पाळी येईपर्यंत गप्प उभी राहतात, असं घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हणाले, ते सगळं खरं, पण बाण भिंतीपलीकडे गेला त्याचं काय? शेजारच्या अंगणात तो बाबागाडीच्या छपरात रुतला होता. नशीब, बाळ आत नव्हतं. वर्ग त्याच दिवशी बंद झाला.

बाण होता काडीचा. काडी म्हणजे सातवीतली, फुंकर मारली तर उडेल अशी पोरगी. तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही, पण नेम म्हणाल तर देवा रे देवा! तिचे बाण निशाण सोडून गवतात, झुडपात, कुठेही जायचे. आणि बाईंचा नियम कडक. सगळे बाण सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, नाहीतर उद्या कुणाच्या तरी पायात घुसायचा. काडीपायी सगळे ताटकळत, तिच्या नावानं बोटं मोडत. बाईंनी तिचं कोपर धरून धरून शिकवलं, फरक शून्य.

त्या संध्याकाळी बाई सामानाच्या खोलीत धनुष्यांच्या दोऱ्या उतरवत होत्या, तेवढ्यात काडी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मी मुद्दाम मारायचे," ती म्हणाली. "झुडपात. शोधायला वेळ लागावा म्हणून. त्या दिवशी जरा जास्तच वर गेला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कार्टीपायी सगळ्यांचा वर्ग गेला! पण पुढचं ऐकलं आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. काडीच्या बापाची रात्रपाळी. आई कामावरून उशिरा येते. बाप घराबाहेर पडेपर्यंत जो समोर येईल त्याच्यावर हात उचलतो. तो कोपऱ्यावरून वळलेला दिसला की मगच काडी घरात शिरायची.

मुख्याध्यापकांना सांगते म्हणून बाई उठल्या, तर पोरीनं त्यांचे पाय धरले. बापाच्या कानावर गेलं तर आईचं काही खरं नाही, म्हणाली. मग माझ्या घरी येऊन बस, बाई म्हणाल्या.

"नको बाई. बाबा सकाळी विचारतील, काल कुठे होतीस. वर्गाला होते म्हटलं की विचारत नाहीत."

समितीपुढे सांगितलेल्या फायद्यांत हा नव्हता. बाईंना तो माहीतच नव्हता, आणि आता कळून तरी काय उपयोग? त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, पोरं पांगली. बाई खिडकीत उभ्या होत्या. काडी फाटकापाशी बसून बुटाची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. शिपाई फाटक लावायला आला, तेव्हा ती उठली आणि घरी गेली.