पेटीचं जॅकेट

मतदानाच्या सकाळी पैनगंगेच्या काठावर जीपमधून पाच लाइफ जॅकेटं उतरली आणि नावाडी शेषेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वस्तीवरची अकरा लेकरं रोज त्याच्याच होडीतून नदी ओलांडून शाळेत जायची. त्यात त्याची नात पुनमही होती. त्यांच्यासाठी जॅकेटं द्या म्हणून त्यानं कचेरीत तीनदा अर्ज दिला होता. तशी तरतूद नाही, हेच उत्तर तिन्ही वेळा मिळालं. मग आता ही तरतूद कुठून उगवली?

चार जॅकेटं वस्तीवरच्या मतदान केंद्राकडे निघालेल्या मोठ्या साहेबांनी आणि तीन कर्मचाऱ्यांनी चढवली. पाचवं साहेबांनी मतदान यंत्राच्या पेटीला गुंडाळून चांगल्या दोन गाठी मारल्या. मग जॅकेटाशिवाय कुणीही होडीत बसायचं नाही, हा नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवला. वल्हं मारणारा नुसत्या बनियनवर समोर बसलाय, हे काही त्यांना दिसलं नाही. शेषेराव दातओठ खात वल्हवत राहिला.

संध्याकाळी पेटी घेऊन परत निघायची वेळ झाली, तर हा गडी काठावरच उभा. साहेबांनी आधी गोडीनं सांगितलं, मग पोलिसांची भीती घातली. वारं सुटलं होतं, उजेड चालला होता.

"सकाळी तुमीच नियम वाचला, साहेब," शेषेराव म्हणाला. "मला जॅकेट न्हाई. मी कसा बसू?"

साहेबांनी पेटीच्या गाठी सोडल्या, जॅकेट त्याला दिलं आणि पेटी मांडीवर घेतली. गरज सरो, वैद्य मरो! पलीकडे उतरल्याबरोबर त्यांनी जॅकेट परत मागितलं. मला अजून घरी जायचंय, एवढं बोलून शेषेरावानं होडी वळवली.

दुसऱ्या दिवशी अकरा लेकरं काठावर आली. जॅकेट एकच. ते पुनमच्या गळ्यात घालता घालता शेषेरावाचा हात थांबला. बाकीची दहा जणं त्याच्याकडे बघत होती. आता त्याला स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं कचेरीला शिव्या देत आपणही यांना असंच नेत होतो, एकदाही नाही म्हणालो नाही. त्यानं होडी काठावर ओढली आणि पालथी घातली.

लेकरं का आली नाहीत म्हणून शाळेतल्या सिंधु मॅडमचा फोन आला.

"होडी बंद हाय," तो म्हणाला. "काल पेटी बुडू नये म्हणून साहेबानं जॅकेट बांधलं. ही लेकरं बुडली तर चालतेत का, तेवढं कचेरीत विचारून सांगा. तवर मी पाण्यात उतरत न्हाई."