एकावर एक फुकट

हिंदुराव वरकुट्याचे. माणूस वाईट नाही. फक्त मूठ उघडायची म्हटलं की त्यांना घाम फुटतो. त्यांच्या विजयसिंहाचं लग्न अंथुर्ण्याच्या राजेश्वरीशी मी जमवलं, म्हणून बस्त्याला बारामतीलाही मला जावं लागलं. मध्यस्थाला जेवण मिळतं आणि दोन्हीकडची बोलणीही.

शालू वरपक्षानं घ्यायचा. राजेश्वरीनं वांगी रंगाचा शालू खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. हिंदुरावांनी आधी किमतीची चिठ्ठी पाहिली.

"एक दिस तर नेसायचा," म्हणत त्यांनी शालू बाजूला सारला आणि खालच्या ढिगातली पिवळी साडी बांधायला सांगितली. पोरीनं शालूची घडी घालून ठेवली. त्याच दुकानात यांनी स्वतःला मात्र रेशमी फेटा घेतला, तोही दोनदा बांधून बघून.

जेवणाला बायका वेगळ्या बसल्या. तिकडून हसू येत होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता त्या यंत्राचं सांगतो. साखरपुड्यात हिंदुरावांनी नवरीच्या भावाला, अविराजला, एक भेट दिली होती. गाडीच्या लायटरच्या भोकात ते खुपसायचं. मोबाईलवरचं गाणं ते हवेत सोडतं, आणि रेडिओ ठरल्या आकड्यावर लावला की स्पीकरमधून येतं. "फॉरेनचं हाय," असं चारचौघांत सांगून दिलं. ते एकावर एक फुकट मिळालेलं, हे मला दुकानदारानं सांगितलं होतं. जोडीतलं दुसरं यांच्याच गाडीत होतं. दोन्ही एकाच आकड्यावर. आकडा बदलावा, हे कुणाच्या डोक्यात येणार?

परतीला नवरीकडच्या बायकांना घेऊन अविराजची जीप पुढं, आम्ही हिंदुरावांच्या गाडीत मागं. लासुर्ण्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि आमच्या गाडीचं नाक जीपच्या शेपटीला टेकायला आलं. विजयसिंहाची गाणी चालू होती.

"यंत्र तापलंय, काढ. जळलं म्हंजी?" हिंदुरावांनीच ते उपटून खिशात टाकलं.

रेडिओ खरखरला. मग बाईचा खणखणीत आवाज आला:

"हिंदुराव व्याही माझं, बस्त्याला आलं ताठ गं,
डोईला रेशमी फेटा, सुनंची झाकली पाठ गं!"

लीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. मी उसाकडं बघायला लागलो.

"रेडिओवर!" हिंदुराव किंचाळले. "अवो, रेडिओवर माझं नाव! समदा इंदापूर तालुका ऐकत असंल!"

"आवाज रंगूबाईचा हाय," लीलाबाई म्हणाल्या.

रंगूबाई राजेश्वरीची आत्या. रुखवताला व्याह्याचं नाव घेऊन टोमणे गायचा मान तिचाच.

"मांडवात गावं, मी हसलो असतो. पर सरकारी रेडिओवर? इजू, घाल गाडी आडवी!"

रस्ता मोकळा होताच विजयसिंहानं जीप अडवली. हिंदुराव फेट्याचा डबा काखेत घेऊनच उतरले.

"रेडिओवाल्यास्नी कुणी दिलं गाणं? माझी अब्रू येशीला टांगली व्हय? लगीन मोडलं म्हणून समजा!"

"कसला रेडिओ?" रंगूबाई म्हणाली. "आमी तर पोरीच्या मोबाईलवर ऐकतोय. जेवताना म्हणलं, तिनं भरून घेतलं."

"मग आमच्या गाडीत कसं वाजतंय? ऐका की!"

खरंच, आमच्या उघड्या दारातून त्यांच्या सुनंची पाठ अजून झाकली जात होती.

अविराजनं काही न बोलता जीपमधलं यंत्र उपटलं. आमची गाडी गप्प. परत बसवलं, आमच्या गाडीत परत "ताठ गं". त्यानं ते हिंदुरावांपुढं धरलं. "आबा, तुमीच दिलेलं."

"फॉरेनचं हाय," मी म्हणालो. माझीही जीभ थोडी वळवळतच होती.

हिंदुरावांचा हात खिशातल्या दुसऱ्या यंत्रावर गेला आणि तिथंच राहिला. पण माघार घेतील तर ते हिंदुराव कसले! "असंल. पर गाणं पुसा. न्हाईतर लगीन न्हाय."

तेव्हा राजेश्वरी खाली उतरली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"पुसते. आधी त्यात खोटं काय ते सांगा, मामा."

हिंदुरावांनी फेट्याचा डबा या काखेतून त्या काखेत घेतला.

"पिवळी साडी मी नेसणार न्हाय. लगीन मोडायचं तर मोडा; पर मग गावाला कारण मी सांगणार."

विजयसिंह स्टिअरिंगवरनं उतरून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लीलाबाईंनी त्याहून वाईट केलं. त्यांनी खाली उतरून नवऱ्याच्या काखेतला फेट्याचा डबा काढून स्वतःच्या काखेत मारला. "बारामतीला चला. फेटा परत देऊ, शालू घेऊ. माझ्या लग्नातबी तुमच्या बापानं हेच केलंतं."

गाड्या वळल्या. हिंदुराव वाटभर धुमसत होते. त्यांच्या मते फसवलं होतं यंत्राच्या दुकानदारानं. वांगी शालू आला. राजेश्वरीनं त्यांच्यादेखत गाणं पुसलं.

आणि रुखवताला, भर मांडवात, जुन्या टोपीतल्या हिंदुरावांसमोर रंगूबाईनं नवं म्हटलं:

"एकावर एक फुकट मिळालं, व्याह्यानं वाटलं सोनं गं,
शालू महाग पडला बाई, फुकटाच्या गाण्यानं गं!"

तिला ते फुकटाचं कुणी सांगितलं, हे हिंदुराव मला अजून विचारतात.