क्रियापद संपल्याचा केक

गुरुवारी चहाच्या वेळेला 'सेट' हे क्रियापद एकदाचं संपलं, ॲम्ब्रोज थ्रपने केक कापला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. असं काहीही घडलेलं नाही. आमच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत तसं रीतसर ठरलंय, तेव्हा तुम्हीही विसरा.

आता, जे घडलंच नाही ते कसं घडलं, ते सांगतो.

मी ॲम्ब्रोजच्या शेजारच्या टेबलावर बसतो. माझ्याकडे 'सॉसेज' आहे. सरळमार्गी शब्द, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ॲम्ब्रोजच्या वाट्याला 'सेट' आलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला काम एकच: बसवणे. मग गरीब गाय बघून जो तो तिला जुंपत गेला. सूर्य मावळला, सेट. जेली थिजली, सेट. टेबल मांडलं, मोडलेलं हाड जुळवलं, गजर लावला, शेजाऱ्यावर कुत्रा सोडला, सगळं सेट.

आमच्याकडे रिवाज असा, की सगळे अर्थ लिहून शब्द संपला की त्या माणसाच्या घरून केक येतो. ॲम्ब्रोजची आई, मॉडबाई, हिने मुलगा या शब्दाला लागला त्याच आठवड्यात सुक्या मेव्याचा केक भाजून ठेवला. टिकावा म्हणून दर रविवारी त्याला चमचाभर ब्रँडी पाजत आली. आता केकच्या कपाटाजवळून मांजरसुद्धा तिरकं चालतं. बाई नव्वदीच्या पुढे. डॉक्टरांनी खाण्यातलं सगळं बंद केलंय. मरण्याआधी त्या केकचा एक तुकडा खायचा, एवढीच तिची इच्छा.

"आई, खाऊन टाक ना," ॲम्ब्रोज म्हणायचा.

"शब्द संपला?"

"नाही."

"मग? मी काय चोर आहे?"

त्यात ती आमची वाचक. गावोगावची माणसं छापील मजकुरातले नवे वापर कापून आम्हाला पाठवतात, तेही फुकट. शब्द संपत आला की मॉडबाईचं पाकीट हजर, आत 'सेट'चा आणखी एक नवा अर्थ. "चर्चच्या पत्रकात सापडलं रे बाळा. लपवू कशी?"

गुरुवारी पाकीट आलं नाही. बाईच आली, हॅट घालून. गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार गेविनही आला. ॲम्ब्रोजने शेवटचं पान मिटलं, केक कापला. मॉडबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग आपला तुकडा रुमालात गुंडाळला.

"अगं, खा की!"

"छापून येऊ दे. छापल्याशिवाय घडलं कशाला म्हणायचं?"

सगळे माना डोलवत राहिले. आमच्याकडे याला शहाणपण म्हणतात.

शुक्रवारी छापून आलं. बाईने एका हातात काटा धरला, दुसऱ्या हातात साप्ताहिक. बातमीत लिहिलं होतं: 'काम संपल्याचं ऐकताच मिसेस थ्रप मुलाकडे पाहून सेट झाल्या.'

तिने काटा खाली ठेवला आणि कात्री घेतली.

पाकीट पोचताच आमच्या मुख्य संपादक फिलिडा क्रेन यांनी गेविनला फोन लावला.

"सेट झाल्या म्हणजे काय झाल्या हो?"

"तुम्ही चेहरा पाहिला नाहीत त्यांचा?"

"पाहिला."

"तेच."

"दुसरा शब्द मिळाला नाही?"

"तुमच्याच कोशात शोधला, बाई. नाही मिळाला."

झालं. क्रियापद पुन्हा उघडलं, समारंभ रद्द. केकचे तुकडे परत मागवले. मी माझा खाल्ला होता. इतिवृत्तात तो 'तात्पुरता गहाळ' आहे. ॲम्ब्रोजने नवा अर्थ लिहिला: 'मुलाचं जन्माचं काम संपल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते येणे.' पण एका पुराव्यावर अर्थ घेत नाहीत. दुसरा हवा, तोही छापील. काम संपल्याशिवाय आईचा चेहरा तसा होत नाही, आणि तो तसा होऊन छापला गेल्याशिवाय काम संपत नाही.

"आई, माझं ऐक. खा तो तुकडा."

"गप बस. तू पुरावा शोध."

शेवटी आम्ही जाहीर निवेदन काढलं. मसुदा माझा, सही फिलिडाबाईंची:

'इंग्लंडातील समस्त मातांना कळवण्यात येते की, मुलाचे जन्माचे काम संपल्यावर आपण त्याच्याकडे पाहावे. त्या वेळी जवळ एक बातमीदार उभा असावा व त्यास दुसरा शब्द सुचू नये. कात्रण तारीख व पृष्ठक्रमांकासह पाठवावे. केक टिकाऊ आहे. तथापि मिसेस मॉड थ्रप यांचे वय, प्रस्तुत क्रियापदाचा निकाल लागेपर्यंत, आहे तेथेच रोखून धरण्यात यावे, अशी संबंधित खात्यास नम्र विनंती आहे.'