ब्याऐंशी अंश

निकितानं दोन्ही थर्मोस्टॅट सुतळीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडले, तळाला टेकू नयेत म्हणून सुतळी आडव्या ठेवलेल्या पान्याला गुंडाळली आणि शेगडी मोठी केली. दूध डेअरीतून मागून आणलेला तापमापक तिनं पाण्यात धरला. समोर मदनसिंग उकिडवा बसून पातेल्यात डोकावत होता.

थर्मोस्टॅटच्या पितळी डब्या दिसायला सारख्याच होत्या. एकीवर एकाहत्तर कोरलेलं होतं, दुसरीवर ब्याऐंशी, म्हणजे तेवढ्या अंशांना ती उघडणार. अकोल्याहून सकाळच्या एसटीनं दोन्ही आल्या होत्या, आणि मदनसिंगच्या गाडीत कोणती बसवायची यावरून तासभर बोलणं चाललं होतं.

मदनसिंग केनवडजवळच्या तांड्यावरचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं रिसोडच्या एका व्यापाऱ्याकडून ही सात सीटची टर्बो डिझेल गाडी जुनी घेतली. लग्नकार्याची, देवदर्शनाची भाडी मारायची, असा त्याचा बेत होता. पण गेल्या वर्षी बायकोच्या, रामीबाईच्या किडन्या गेल्या आणि गाडी तिच्यासाठीच राहिली. सोमवार, गुरुवार वाशीमला डायलिसिस. पहाटे निघायचं, दुपारी परतायचं. मागच्या गुरुवारी परतताना तापमानाचा काटा लाल रेघेला लागला आणि गाडी भर उन्हात उभी राहिली. रामीबाई दोन तास बाभळीच्या विरळ सावलीत पडून होती. तिला पाणी मोजूनच प्यायचं असतं. बाटलीत उरलेलं सगळं मदनसिंगनं रेडिएटरला पाजलं.

म्हणून त्याला एकाहत्तरचाच हवा होता. लवकर उघडेल, गाडी थंड राहील. एप्रिलात बेचाळीस अंश ऊन पडत असताना कोणीही हेच म्हटलं असतं.

निकितानं गाडी खोलली तेव्हा थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नव्हतं. कोणीतरी तो काढून झाकण नुसतंच बंद केलेलं. झाकणाच्या कडेला लाल पेस्ट होती, अंगठ्यानं एकाच दमात डावीकडून उजवीकडं ओढलेली. ती ओढ निकितानं लहानपणापासून पाहिली होती. तिनं पातं घेऊन पेस्ट खरवडून टाकली. हे कोण्या अडाण्याचं काम, असं मदनसिंगनं विचारलं तेव्हा जुनं काम हाय काका, एवढंच ती म्हणाली.

तिचे वडील भागवत दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तीस वर्षं हे गॅरेज त्यांनी चालवलं. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि अकोल्याच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून निकिता घरी आली. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेली मुलगी गॅरेज चालवते, हे पाहायला सुरुवातीला लोक उगाच थांबत. आता थांबत नाहीत. भागवत बोलत सगळं, पण जीभ जड झाली होती, आणि हल्ली ते फारसे बोलतच नसत.

तापमापकाचा पारा सत्तरीच्या पुढं गेला. एकाहत्तरची डबी आधी उघडली. मधली चकती हळूच वर सरकली. मदनसिंगनं मान डोलावली, जणू त्याचंच खरं ठरलं. ब्याऐंशीला दुसरी हलू लागली. पाणी उकळायला आलं तेव्हा तिनं दोन्ही वर काढून त्याच्यासमोर धरल्या.

“आता सांगा, कोनती जास्त उघडी हाय?”

मदनसिंगनं दोन्हीकडं आलटून पालटून पाहिलं. फरक नव्हता.

मग तिनं त्याला समजावलं. थर्मोस्टॅट गाडी थंड करत नाही, ते काम रेडिएटरचं आणि पंख्याचं. हा फक्त गाडीला फार थंड पडू देत नाही. दुपारच्या उन्हात दोन्ही सारखेच पूर्ण उघडणार. फरक पडतो पहाटे. एंजिन गरम झालं नाही की तेल घट्ट राहतं, आणि टर्बोचा दांडा त्या तेलावरच फिरतो. या गाडीचा एक टर्बो आधीच गेला, तो त्यानंच. शिवाय या एंजिनात डबीच नसली की बरंचसं पाणी रेडिएटरकडं न जाता आतल्या आतच घुमतं, म्हणून दुपारी गाडी जास्तच तापते. त्यात रेडिएटरच्या जाळीत हरभऱ्याचं कुटार, बारीक भुसा, गच्च बसलेलं. कंपनीनं या एंजिनाला ब्याऐंशी सांगितलंय, तोच बसवू.

मदनसिंगला पटतही होतं आणि भीतीही जात नव्हती.

“उद्या सोमवार हाय पोरी,” तो म्हणाला. “पुन्हा रस्त्यात थांबली त मी तिले काय सांगू?”

निकिता हात पुसत राहिली.

“मदनसिंग.” दाराकडून आवाज आला. भागवत डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून पुढं वाकले होते. “ते काम माह्यं हाय. व्यापाऱ्याची गाडी होती तवा मीच काढला थर्मोस्टॅट. पोरगी लपवून राह्यली.”

निकितानं मान खाली घातली. मदनसिंग भागवतांकडं वळला. खांद्यावरचा गमछा त्यानं काढला, झटकला, पुन्हा टाकला.

“काहून काढला?”

“समद्याच गाड्यांचे काढत होतो. आपल्या मुलखात त्याचं काय काम, असं वाटे. जुन्या गाड्यांनी चालवून घेतलं.”

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

“मंग आता तुमीच सांगा भागवतभाऊ,” मदनसिंग शेवटी म्हणाला. “कोनता टाकू?”

भागवतांनी डोकं हलवलं.

“मले नको इचारू. तिले इचार.”

मदनसिंग उठला, गाडीपाशी गेला आणि बॉनेटला हात लावून उभा राहिला. मग निकिताकडं न पाहताच, टाक ब्याऐंशीचा, असं म्हणाला.

जाळीतलं कुटार धुवायलाच तास गेला. चारच्या उन्हात दोघं मालेगाव रस्त्यानं पंधरा किलोमीटर जाऊन आले. काटा मधोमध चढला आणि तिथंच राहिला. चढावरही हलला नाही. मदनसिंगचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्याकडंच होतं, शेवटी निकितालाच समोर पाहा म्हणून सांगावं लागलं. गाडी लावल्यावर त्यानं बायकोला फोन करून उद्या नेहमीच्याच वेळेला निघायचं सांगितलं. जाताना तो भागवतांपाशी क्षणभर थांबला, येतो म्हणाला आणि गेला.

निकितानं पातेलं उपडं केलं, पाने जागेवर लावले. भागवतांनी हाक मारली.

“वही आन.”

“कायले, बाबा?”

“लिही. जऊळक्याचा प्रसेनजित, पांढरी पिकअप. टर्बो हाय तिले.”

ती वही घेऊन त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि लिहिलं. अजून किती गाड्यांचे काढलेत, असं तिनं विचारलं. भागवत रस्त्याकडं पाहत होते. डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती.

“मारोतरावची जीप,” ते म्हणाले. “लिही तू. मी सांगतो.”