तिठ्यावरचा खांब

"काका, ह्या तोंड वळाखतास?" नगरपंचायतीच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत ग्लिनिसने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि मोठं केलं.

चित्रात, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर तिन्हीसांज झाली होती. एक बाई वाकून रस्त्याच्या मधोमध केळीच्या पानाचा तुकडा ठेवत होती. पानावर भाताचा मुटका, त्यावर पिंजर, दोन मिरच्या. पान ठेवून ती वळली आणि मागे न बघता चालू लागली. वळतानाच नेमकी कॅमेऱ्याला सापडली होती.

ओळखत होतो. माझ्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या, शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या राधाबाई. आणि तो मुटका माझ्या अंगावरून उतरवलेला होता.

पाच दिवस माझा ताप हटत नव्हता. "भावजी, गप बसा. बोला नकात," असं म्हणून त्यांनी मला आरामखुर्चीत बसवलं आणि तीनदा दृष्ट उतरवली. मी नको म्हणालो नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. बायको गेल्यापासून माझ्या कपाळाजवळ कुणाचा हात आला नव्हता.

मी वाचनालयात चौतीस वर्षं काढली. दर वर्षी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देतो. म्हणूनच मला नगरपंचायतीने स्मार्ट शहर समितीवर घेतलं असावं. योजनेतून गावात एकोणीस कॅमेरे आले, कचरा टाकणाऱ्यांचे फोटो दाखवायला स्टँडवर मोठा पडदा आला. नळाचं पाणी दिवसाआडच राहिलं. माझं काम एवढंच, की फोटोतल्या माणसांची नावं सांगायची. यंत्राला चेहरा कळतो. नाव मात्र गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं.

"ह्या काय ओ? कचरो मां?" ग्लिनिसने विचारलं. ती बिचारी चर्चच्या वाडीतली, अनेक वर्षं गोव्यात राहून आलेली.

"कचराच," मी म्हणालो. "राधाबाई."

तिने नाव टाइप केलं. 'हे माझ्यासाठी केलेलं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मला भीती कसली वाटली? ही पोरगी हसेल याची. दुसरी कसलीही नाही.

तिठ्यावर असली पानं माझ्या आजोबांच्या काळापासून पडतात. सकाळपर्यंत कावळे-कुत्रे ती साफ करतात. कुणी ठेवलं ते कुणी बघत नाही. समोर दिसलंच तर माणूस मान फिरवून पुढे जातो. कॅमेऱ्याच्या नवीन खांबाला मान फिरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या पडद्यावर हॉटेलाची जाहिरात, मग राधाबाई, मग तारकर्लीच्या डायव्हिंगची जाहिरात. राधाबाईंच्या फोटोखाली 'शहर अस्वच्छ करणारी व्यक्ती'. ते कुणी वाचलं नाही. सगळ्यांनी पान तेवढं बघितलं.

फोटो काढून टाक म्हणायला मी ग्लिनिसकडे गेलो.

"सात दिवस चलतला, काका. काढूचा तर समितीचा पत्र होया. कारण लिवन."

घरी येऊन पत्र लिहायला बसलो. कारणापाशी आलो की कागद फाडायचो. तीन कागद फाडले.

चौथ्या दिवशी शाळेत पालकांची सभा भरली. समितीचा म्हणून मलाही बोलावलं होतं. राधाबाई दाराशी उभ्या होत्या.

"कोणासाठी ठेवलंस गो पान?" शेवंतीने विचारलं. तिची दोन पोरं शाळेत आहेत.

"नाव घेतला तर उताऱ्याचो गुण जाता," राधाबाई म्हणाल्या.

"गुण? की कोणावर करणी? आमच्या पोरांका ह्याच हातान वाढतंस!"

"तुझो झील तिची आमटी तीनदा मागून खाता," मागून बाबली रिक्षावाला म्हणाला. "तेका काय झाला नाय ता?"

थोडं हसू झालं.

"तू गप रव. तुझी पोरां मुंबैक," शेवंती म्हणाली. "आमका हिच्या हातचा जेवण नको. नायतर पोरांका डबो देतलंव."

आणखी पाच-सहा बायकांनी माना हलवल्या. राधाबाईंनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं, तर त्यांच्या नजरेमागून सगळी सभा माझ्यापर्यंत आली असती. हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

"गुरुदासकाका, तुम्ही बोला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमचं लोक ऐकतात."

मी उभा राहिलो.

"अंधश्रद्धा वाईटच," मी म्हणालो. "परंतु आपण... शांतपणे विचार करावा."

आणि खाली बसलो. माझ्या अंगात तेव्हा ताप नव्हता. तो केव्हाच उतरला होता.

राधाबाईंनी कमरेची कोठीची चावी सोडून टेबलावर ठेवली.

"तांदूळ आजच इलो," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. "गोणी उंच ठेवा. उंदीर लागतत."

फोटो सातव्या दिवशी निघाला. शाळेत दुसरी बाई आली.

राधाबाई आता तिठ्यावरून जात नाहीत. बाजाराला जायचं तर आमच्या घरांमागच्या व्हाळाच्या पाण्यातून जातात. तिथे खांब नाही. साठी उलटलेली बाई, एका हातात चपला, दुसऱ्या हातात लुगड्याचा सोगा, शेवाळलेले दगड पायाने चाचपत उतरते. मी मागच्या पडवीत पुस्तक उघडून बसलेला असतो. मधल्या दगडावर त्या तोल सावरेपर्यंत थांबतात. तेवढा वेळ मी पान उलटत नाही.